उशाखाली ठेवलेली पेटी

मी एक बोलणारी पेटी. आकाराने साबणाच्या वडीएवढी, पाठीवर उन्हाने भरणारी काळी पट्टी, पुढे चार बटनं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी माझ्या पोटात सगळं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीतून भरलेलं आहे. कुण्या एका माणसाने बंद खोलीत बसून ते वाचलं. त्याचा चेहरा मला माहीत नाही, पण त्याचा आवाज तोच माझा आवाज.

पिंपळनेरच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमते. तिथे मी सुंदरबाईच्या ओंजळीत आले. काळी, काटक बाई. कांद्याच्या शेतात मजुरीला जायची. सहा वर्षांपूर्वी ती आजारी पडून मरणाच्या दारात होती, मंडळीने प्रार्थना केली आणि ती उठून कामाला लागली. तेव्हापासून तिचा येशूवर भरवसा. त्याच्याबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं की तो बरं करतो. एवढ्यावर तिचं भागतही होतं.

तिने मला कपाळाला लावलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि नवऱ्याच्या उशाखाली ठेवलं. बटन दाबलं नाही. पूर्वी त्या जागी अंगाऱ्याची पुडी असायची, आता मी होते.

नवऱ्याचं नाव चिंधा. त्याला साखरेचा आजार. त्यातच शेतात पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला आणि जखम भरेना. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, पट्टी बदलायला बोलावलं होतं. पण मंडळीचा पुढारी ज्ञानेश्वर घरी आला, चिंधाच्या डोक्यावर हात ठेवून त्याने मनापासून प्रार्थना केली आणि जाताना सुंदरबाईला समजावलं, की एक पाय विश्वासात आणि एक दवाखान्यात असं चालत नाही. गोळी घेणं म्हणजे प्रभूवर संशय घेणं. शास्त्रातली दोन वाक्यंही त्याने म्हणून दाखवली. वाक्यं खरीच होती. ती माझ्या पोटात आहेत. पण त्यांच्या मागचं-पुढचं काय, हेही माझ्या पोटात होतं, आणि मी फडक्यात होते.

सुंदरबाईने गोळ्या पत्र्याच्या डब्यात टाकून डबा वर फळीवर ठेवला. चिंधाने तिला अडवलं नाही. बायको मरणातून उठलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती, मग कोणत्या तोंडाने बोलणार?

अंगठा काळा पडला. खोलीत वास येऊ लागला. सुंदरबाई रोज उशाखाली हात घालून मी जागेवर आहे ना, ते बघायची आणि हात जोडायची. माणसं ज्याला फार मानतात त्याचं ऐकायचं विसरून जातात, हे मी तिथे पडल्यापडल्या शिकले.

एका दुपारी ती शेतावर गेलेली असताना चिंधाला ताप चढला. पाण्यासाठी चाचपडताना मी त्याच्या हाताला लागले. त्याने फडकं सोडलं, उलटसुलट करून पाहिलं आणि एक बटन दाबलं.

मी बोलू लागले. येशू रानात उपाशी आहे. सैतान त्याला मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि म्हणतो, मार उडी, देवदूत तुला वरच्यावर झेलतील, असं शास्त्रातच आहे ना! आणि येशू नाही म्हणतो. देवाची परीक्षा पाहायची नसते, म्हणतो.

चिंधाने ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. सुंदरबाई दिवे लागताना घरी आली, तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता.

"त्यानी बी उडी मारी नही," तो म्हणाला. "माले त्या गोळ्या दे."

ती हादरली. आता गोळी दिली तर एवढ्या दिवसांचा विश्वास पाण्यात जाईल, प्रभू रागावेल, असं ती म्हणत राहिली. चिंधाने वाद घातला नाही. बटन दाबून मला तिच्या पुढ्यात ठेवलं. चुलीपाशी बसून तिने पहिल्यांदा मला ऐकलं.  संपल्यावर उठून तिने फळीवरचा डबा काढला.

दुसऱ्या दिवशी जीपने ती त्याला धुळ्याला घेऊन गेली. दवाखान्यात सांगितलं, फार उशीर केला. चिंधाचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. तो कुबड्यांवर उठायला शिकत होता आणि ती त्याच्याकडे बघू शकत नव्हती. एका रविवारी ती मंडळीत उभी राहिली. माझ्याकडे बोट दाखवून तिने ज्ञानेश्वरला शांतपणे विचारलं, गोळी घेऊ नये हे यात कुठं शे, तेवढं बटन दाबी लाई दे. त्याने मला हातात घेतलं, बटनांवरून बोट फिरवलं. "माले सापडाव नही," तो म्हणाला. "मी बी दुसरानं आयकेलच सांगं."

त्यावर काही बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं. बरी झालेली बाई उलटली, म्हणाल्या.

पण ती मला पहिल्यापासून ऐकू लागली. भाकरी थापताना, कांदे निवडताना. बरं करणारा येशू तिच्या ओळखीचा होता. दमून विहिरीवर बसलेला, परक्या बाईकडे पाणी मागणारा तिला माहीत नव्हता. मित्राच्या कबरीपाशी रडणाराही नाही. आणि मग क्रुसावर जाण्याआधीच्या रात्रीची ती बाग आली. तिथे तो आपल्या स्वर्गातल्या बापाला विनवतो, हे दुःख माझ्यावरून टळू दे, आणि ते टळत नाही. सुंदरबाईने मला थांबवलं.

"त्यानी मांगं, ते त्याले बी भेटनं नही?"

चिंधा दारात बसून ऐकत होता. पाय गेल्यापासून ती रडली नव्हती, त्या दिवशी पदरात तोंड घालून रडली. तिचं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. अजूनही ती कापलेल्या पायाला तेल लावते तेव्हा नजर दुसरीकडे वळवते. पण आता ती ज्याच्याशी बोलते, तो कोण आहे हे तिला थोडं थोडं कळू लागलंय.

माझ्या पाठीवरची काळी पट्टी आता चिरली आहे. दिवसभर उन्हात ठेवलं तरी एखादा अध्याय बोलते आणि गप्प होते. तुमच्याही घरी माझ्यासारखं काही असेल, छापलेलं, बांधलेलं, देव्हाऱ्यासारखं जपलेलं. त्याला नुसते हात जोडू नका. उघडा. कुणी सांगितलं तेवढ्यावर राहू नका. एखाद्याच्या पायाचा प्रश्न असतो.

काल ज्ञानेश्वर आला होता. खाली मान घालून उंबऱ्याबाहेरच थांबला. चिंधाने त्याच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं, आणि बऱ्याच वेळाने खाटेवर सरकून त्याला जागा करून दिली.  सुंदरबाईने मला त्या दोघांच्या मध्ये ठेवलं. आवाज क्षीण होता, म्हणून तिघंही माझ्यावर वाकले.