तारांच्या चाकांचा पुरावा

"तीन दिवस झाले, हो माणूस ताटावर बसता आणि अर्ध्या जेवणावरसून उठता," कोळंबी सोलता सोलता गोदाबाईने सुनेला ऐकवलं. "काल माळ्यावर चडलो. आज कॉटखाली शिरलो. माझो पिठाचो डबोसुदा उपडो केल्यान. मी म्हटलंय, पिठात कागद ठेवणारी बाय मी नाय. तर म्हणता, बघूक काय जाता?"

"बाबा टेन्शनमध्ये आहेत, आई," अरुणा हसू दाबत म्हणाली.

"चाकांचा टेन्शन. घरातल्या माणसांचा कधी घेतल्यान?"

चाकं लतीफसेठच्या हिरव्या रोव्हरची होती. पंचवीस वर्षांपूर्वी गोदाबाईचा नवरा रावजी मनामात या सेठच्या गॅरेजात कामाला लागला, त्याच महिन्यात सेठने गाडीची कंपनीची पत्र्याची चाकं काढायला लावली आणि सायकलीसारख्या बारीक तारांची, चकचकीत विलायती चाकं आणवली. ती रावजीने बसवली. नव्या मिस्त्रीचं ते पहिलं काम. पुढे सेठकडे कितीतरी गाड्या आल्या नि गेल्या. रोव्हर शहराबाहेर बुदैयाच्या बागेत खजुरीखाली झाकून ठेवली होती. आता सत्तरी उलटल्यावर सेठला ती पुन्हा रस्त्यावर आणायची हौस आली. रावजीने वर्षभर खपून इंजिन बोलतं केलं, पत्र्याला रंग दिला, आणि गाडी तपासणीला नेली, तर तिथल्या अंमलदाराने चाकावरच पेन्सिल टेकवली. ही चाकं कंपनीची नाहीत. त्या काळी या गाडीवर अशी चाकं होती याचा त्याच काळातला पुरावा महिनाअखेरच्या बुधवारपर्यंत आणा, नाहीतर पत्र्याची बसवा.

चाकं विकणारं दुकान कधीच मोडलं होतं. इंग्लंडला कंपनीकडे पत्र धाडलं होतं, त्यांचं उत्तर आलं की इतके जुने कागद आम्ही ठेवत नाही. सेठच्या घरी गाडीचे चाळीसेक फोटो निघाले, पण प्रत्येकात चाकांपुढे पोरं तरी उभी होती, नाहीतर कुणाचा तरी पायघोळ अरबी थोब. शेवटी सेठ म्हणाला, "मफी फायदा, रावजी. कुछ फायदा नहीं. उतार दे."

त्या दिवसापासून रावजी चाकांची जुनी पावती शोधत घर उपसत होता आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आणि पुरावा कुठे आहे ते गोदाबाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत.

त्या काळी आखातात गेलेला प्रत्येक गडी चार-सहा महिन्यांत आपल्या सेठच्या गाडीशेजारी फोटो काढून घरी पाठवायचा. रहिमतुल्ला फोटोवाला पाठीमागे दुकानाचा नि तारखेचा शिक्का मारून द्यायचा. गावाकडचे काय समजायचं ते समजायचे. रावजीने मात्र ते त्यांच्या समजण्यावर सोडलं नाही. शिक्क्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं : स्वतःच्या मोटारीसोबत. तो फोटो मध्यस्थाच्या खिशातून वेंगुर्ल्याजवळ गोदाच्या बापाकडे पोचला आणि महिन्याभरात लग्न ठरलं. दुसरीतच शाळा सुटलेल्या गोदाने त्या दोन शब्दांवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं होतं.

तीन वर्षांनी ती बोटीतून मनामाला उतरली, तेव्हा धक्क्यावरच तिने विचारलं, "आपली मोटार खय?" सामान उचलायला वाकलेला रावजी बराच वेळ वर बघेना. संध्याकाळी तिने जाहीर केलं की फोटो फाडून चुलीत घातला. तेव्हापासून बावीस वर्षं हेच चाललं होतं. आमटीत मीठ कमी आहे म्हणायची सोय नव्हती. "मोटारवाल्यांका अळणी चलत नाय काय?" हे ठरलेलं.

आता फोटो काढून द्यायचा म्हणजे तो जपून ठेवला होता हे कबूल करायचं. जन्मभर ताठ ठेवलेली मान तीन दिवस वाकायला तयार नव्हती.

मंगळवारी दुपारी रावजीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. गोदाबाई उठली, ट्रंक उघडली, आणि फोटो ताटाशेजारी ठेवला, जशी लोणच्याची फोड वाढावी.

रावजी बघतच राहिला. रोव्हर आडवी उभी. नंबर वाचता येतोय. आणि पुढच्या चाकापाशी, तेल लावून भांग पाडलेला, पंचविशीतला एक पोरगा उकिडवा बसलाय, एक हात तारांवर.

"तू फाडलंय म्हणालेलंस."

"फाडूचो होतो. कामा होती."

त्याने फोटो उलटा केला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "गोदा, ह्या मागचा... सेठ विचारीत."

"विचारूदे. सेठाक मराठी वाचूक येता?"

"नाय."

"मगे सांगा कायव. तेवा लिवूक जमला, आता सांगूक जमाचा नाय?"

दुसऱ्या दिवशी गोदाबाई स्वतः तपासणीला गेली. रावजीच्या हातात दिला तर तेलाचे डाग पडतील, असं कारण तिने सांगितलं आणि फोटो पर्समध्ये घालून पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

अंमलदाराने फोटो उजेडात धरला. नंबर ताडून पाहिला, चाकं पाहिली, मागचा शिक्का वाचला नि मान डोलावली. मग शिक्क्याखालच्या ओळीवर बोट ठेवून त्याने अरबीत काहीतरी विचारलं.

"रावजी, ये क्या लिखा है?" सेठ आपल्या मुंबईत शिकलेल्या हिंदीत म्हणाला. "बोलता है, कागज पे जो है, सब मालूम होना चाहिए."

त्या खोलीत ती ओळ आणखी एकाच माणसाला वाचता येत होती, आणि ते माणूस छताच्या पंख्याकडे बघत बसलं होतं. सेठची गाडी, असं लिहिलंय म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणी विचारलंच तर शपथेवर हो म्हणायची तयारी गोदाबाईने केव्हाच केली होती.

रावजीने घसा खाकरला. "लिखा है, खुद के मोटर के साथ."

"किस का मोटर?"

"मेरा. झूठ लिखा था, सेठ. शादी के वास्ते."

सेठने वाकून फोटोतला पोरगा पाहिला. "हुई?" त्याने विचारलं.

रावजीने हनुवटीने गोदाबाईकडे दाखवलं.

सेठ काठी टेकत उठला, डोक्यावरच्या रुमालाभोवतीचा काळा अगाल सारखा केला, "सलाम, भाभी," म्हणाला. मग अंमलदाराकडे वळून अरबीत लांबलचक काहीतरी सांगितलं. अंमलदाराच्या मिशीचं एक टोक हललं. त्याने कागदावर शिक्का मारला, फोटो त्यावर ठेवला आणि स्टेपलर दाबला. पिन फोटोतल्या रावजीच्या डोक्यावरच्या आभाळातून गेली.

"फोटो इधर ही रहेगा," सेठ म्हणाला. "ओरिजिनल मांगता है."

गोदाबाईचा हात पर्सवरून अर्धा उठला आणि पुन्हा खाली आला. फाइल कपाटात गेली. कपाट लागलं.

बाहेर उन्हात रोव्हर उभी होती. सेठ सावकाश मागून येत होता. रावजी सवयीने पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि अंगठ्याने एकेक तार चाचपू लागला. टाळूवरचे केस विरळ झाले होते, बसण्याची ढब तीच होती.

"फोटो गेलो," तो मान वर न करता म्हणाला. "तू एवढो जपलेलंस, आणि..."

"जपूक नाय. ट्रंकेत रवलेलो." गोदाबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. तिची सावली चाकावर पडली होती, ती बाजूला सरकली. "आणि एक सांगतंय, आयकून ठेवा. तुमका खोटा बोलूक येणा नाय. तेवापण येय नव्हता. मोटारीचो मालक कधी चाकाकडे उकिडवो बसता? माझ्या बाबांका दिसला नाय. माका तेवाच दिसलेला."