अठ्ठेचाळीसची पावकी

सावरतळीच्या शाळेची पायरी चढली की रेश्माबाईंच्या पोटात दुखायचं. हे दुखणं ओवा खाऊन जाणारं नव्हतं. बाई सोळा वर्षं मास्तरकी करत होत्या, त्यातली सात पोलादपूरच्या डोंगरात, भेकरमाळच्या शाळेत. तिथे चार वर्ग, एक खोली, नऊ पोरं आणि एकट्या बाई. पावसाळ्यात फळा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवायचा, कारण कौलं कुठे गळतील याचा नेम नसे.

खाली हायवेलगत सावरतळी. गावातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी कुवेत नाहीतर दुबईला. ती माणसं सुट्टीवर आली की शाळेला काही ना काही देऊन जायची. कुणी फिल्टर दिला, कुणी बाकं, कुणी छपरावर सोलर. भिंतीवर हा एवढा टीव्ही. तिथल्या रिझवानाबाई टीव्हीवर सूर्यमाला फिरवून दाखवायच्या, आणि भेकरमाळच्या रेश्माबाई लिंबू, पेरू आणि भोपळा घेऊन तीच सूर्यमाला मांडायच्या. भोपळा दुपारी खिचडीत जायचा.

त्यात रिझवानाबाई स्वभावाने चांगल्या, हे आणखी वाईट. बाई तुसडी असती तर निदान तिच्या नावाने बोटं मोडता आली असती. ही भेटली की हात धरून विचारणार, "रेश्माताई, पोरं कशी आहेत?" रेश्माबाई हसून बरी आहेत म्हणायच्या आणि आतून जळून खाक व्हायच्या.

यंदा जळण्याला कारणही तसंच होतं. वाडीतली बयाबाई शाळेत येऊन सांगून गेली होती, "बाई, राग मानू नका. पण जूनपासून माझी दोनी नातवंडं खाली घालनार हाय. तिकडं टीवीवर शिकवतात." नवाचे सात झाले तर शाळेला कुलूप लागायला वेळ लागणार नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणत होतं.

अशात सावरतळीच्या लतीफभाईंनी केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांतल्या, चौथीच्या पोरांसाठी परीक्षा जाहीर केली. लतीफभाईंचे महाडात ट्रक. बक्षीस काय, तर पहिल्या येणाऱ्या मुलाच्या शाळेला टीव्ही. रेश्माबाईंनी त्या रात्री ठरवलं की हा टीव्ही भेकरमाळला आलाच पाहिजे. भिंतीवर टीव्ही दिसला की बयाबाईचं तोंड बंद. आणि त्यांच्याकडे मंजुळा होती. चौथीतली मंजुळा म्हणजे गणिताचं भूत. बाईंनी दोन महिने तिच्यामागे धोशा लावला.

आणखी एक गोष्ट भेकरमाळकडे होती, जी कुवेतहून येत नाही. पावकी. पाढ्यांसारखी पाव पटीची. वाडीतल्या हैबती आजोबांना ती तोंडपाठ. बाईंनी त्यांना दर शुक्रवारी शाळेत बसवलं, आणि पोरं माना डोलावत म्हणू लागली, चार पाव एक, आठ पाव दोन, बारा पाव तीन. पंचवीसने गुणायचं असलं की आकड्याची पावकी काढायची आणि पुढे दोन शून्यं द्यायची. गुणाकार मांडायलाच नको. मागच्या वर्षी शिक्षण परिषदेत बाईंनी याचा पाठ घेऊन दाखवला तेव्हा केंद्रप्रमुखांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. सात वर्षांत बाईंना मिळालेल्या टाळ्या तेवढ्याच.

शनिवारी सावरतळीत परीक्षा झाली. केंद्राची रीत अशी की आपल्या पोरांचे पेपर आपण तपासायचे नाहीत, शेजारच्या शाळेशी अदलाबदल करायची. पोरं व्हरांड्यात जेवायला बसली आणि ऑफिसात रिझवानाबाईंनी मंजुळाचा पेपर ओढला. रेश्माबाईंपुढे सावरतळीच्या सहा पोरांचा गठ्ठा आला.

पाच पेपर सरळ निघाले. सहावा नशराचा होता. मोत्यासारखं अक्षर, आणि शेवटच्या पानापर्यंत गेले जेमतेम पाच गुण. शेवटच्या पानावर प्रश्न होता, अठ्ठेचाळीस गुणिले पंचवीस, रीतीसह सोडवा, दोन गुण. खाली नशराने लिहिलं होतं: अठ्ठेचाळीसची पावकी बारा, म्हणून उत्तर बाराशे.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. यांना टीव्ही आहे, सोलर आहे, थंड पाणी आहे, आणि आता माझी पावकीही पाहिजे? परिषदेत पहिल्या रांगेत बसून रिझवानाबाई वहीत काय उतरवून घेत होत्या ते आता कळलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. बाईंनी लाल पेनाने त्या ओळीवर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'रीत पुस्तकातली नाही.' शून्य. बेरीज त्र्याण्णव.

मंजुळाला चौऱ्याण्णव पडले.

लतीफभाईंनी स्वतःच्या हाताने खोका मंजुळापुढे ठेवला. "आमच्या सावरतळीला हरवलंस गो," असं म्हणून ते मनापासून हसले. रेश्माबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी रिझवानाबाईंना मिठीच मारली. वाडीतल्या टेम्पोवाल्या रामाने टेम्पो फाटकाशी लावला, खोक्याखाली पोती अंथरली.

तेवढ्यात नशरा आपला पेपर घेऊन आली. मागून रिझवानाबाई.

"बाई, हे कसं चुकलं ते सांगाल?" नशरा म्हणाली. "आमच्या बाई म्हणाल्या, पावकी रेश्माबाईंची आहे. त्यांनी चूक दिली असेल तर काहीतरी चुकलंच असणार, जा, विचारून घे."

रिझवानाबाईंच्या चेहऱ्यावर कुठेही खोच नव्हती. त्यांनी वही उघडून पेन धरलं होतं, लिहून घ्यायला. रेश्माबाईंना खरं बोलायला तेवढाच एक क्षण मिळाला. टेम्पोत खोका होता, खोक्याला टेकून मंजुळा बसली होती.

"परीक्षेत पुस्तकातलीच रीत लिहायची, बाळा," बाई म्हणाल्या. "पावकी तोंडी ठीक. कागदावर चूक."

"बरं, बाई," नशरा म्हणाली. रिझवानाबाईंनी तसं वहीत लिहून घेतलं.

घाट चढताना मंजुळा खोक्याला डोकं टेकून आपला पेपर उलटसुलट करून बघत राहिली. बाईंना वाटलं, पोर दमली असेल.

सोमवारी सकाळी टीव्ही भिंतीवर चढला. वाडी लोटली. बयाबाईने पदराने काच पुसून बघितली आणि म्हणाली, "आता कशाला खाली जातात पोरं? हितंच ऱ्हाऊ देत." बाईंनी सात वर्षं ज्याची वाट पाहिली होती ते झालं. हैबती आजोबाही आले होते. बाईंनी खुशीत फळ्यावर लिहिलं, छत्तीस गुणिले पंचवीस, आणि मंजुळाला खडू दिला.

मंजुळाने गुणाकार मांडला. सहा पंचे तीस, हातचे तीन. खाली दुसरी ओळ, मग बेरीज. फळा अर्धा भरला.

"अगो, पावकी काढ ना," हैबती आजोबा म्हणाले. "छत्तीस पाव नऊ. येवडा खडू कशाला झिजवतंस?"

"ती चूक हाय, आजोबा," मंजुळा म्हणाली. "बाईच म्हनल्या."

आजोबांनी बाईंकडे पाहिलं. मंजुळाने दप्तरातून शनिवारचा पेपर काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. शेवटच्या पानावर अठ्ठेचाळीसची पावकी होती, तिच्यापुढे रिझवानाबाईंच्या अक्षरात पुरे दोन गुण, आणि खाली 'शाब्बास'.

"बाई, माझं पन नशरासारखंच हाय," मंजुळा हळू आवाजात म्हणाली. "तिचं चूक तर माझंबी चूक. मग माझे ब्यान्नव होतात. तिचे त्र्यान्नव." तिने थोडा हिशेब केला. "आनि बरोबर धरलं तर तिचे पंच्यान्नव. कसंबी केलं तरी तीच पैली येते."

बाईंनी दोनदा बेरीज करून पाहिली. पोरीचं गणित कधी चुकायचंच नाही.

त्या बाहेर आल्या. पडवीत रेंज यायची तिथे उभ्या राहिल्या आणि रामाला फोन लावला. टेम्पो घेऊन वर ये म्हणाल्या, टीव्ही सावरतळीला न्यायचाय.

"का ओ बाई?" रामा म्हणाला. "बिघडला काय?"

"नाय रे," बाई म्हणाल्या. "टीव्ही चांगला हाय."