बदकिणीची तिसरी चाचणी

मी मुळात आठ दिवसांसाठी ताईकडे राहायला आलो होतो. माझ्या खोलीला रंग लावायचा होता. त्याला आता दोन वर्षं झाली, पण मी अजून इथेच आहे, कारण भावोजींनी मला कामाला जुंपलं. पोटापाण्यासाठी मी लिफ्ट दुरुस्त करतो. घरी आलो की माझ्यावर मुलांची पुस्तकं आणि कार्टून तपासली जातात.

भावोजी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहेत. माझी सहा वर्षांची भाची, आमची भिंगरी, तिने काय वाचावं आणि काय बघावं हे ताई चाळीस पालकांची मतं विचारून निवडते. पण निवडलेलं थेट पोरीच्या हातात पडत नाही. आधी मामा.

"गोळी पोटात जाते आणि निघून जाते," भावोजी म्हणतात. "गोष्ट डोक्यात जाते आणि तिथेच मुक्काम ठोकते. तुझ्यासारखी."

मी सोफ्यावर बसून वाचायचं, भावोजींनी समोर वही घेऊन दर पाच मिनिटांनी माझी नाडी बघायची, ताईने ताप मोजायचा. स्वच्छतेचं कार्टून दाखवलं, तर मी दिवसभरात अकरा वेळा हात धुतले. नापास, पाण्याची नासाडी. सशाचं गाणं ऐकवलं, तर दुसऱ्या दिवशी नवव्या मजल्यावर मोटर उघडून बसलो असताना ते माझ्या तोंडून निघालं आणि इमारतीच्या सेक्रेटरींनी लेखी तक्रार केली. तेही नापास. अशी दोनशे चौदा पुस्तकं आणि कार्टून झाली. पास झालं एकच, त्रिकोणाचं पुस्तक. त्रिकोणाला तीन बाजू असतात आणि शेवटच्या पानापर्यंत तीनच राहतात. भिंगरीला ते तोंडपाठ आहे, बिचारीला.

मग शाळेत बाईंनी बदकिणीची गोष्ट वाचायला घेतली. बदकीण पिल्लांना काठावर ठेवून खाऊ शोधायला नदीपलीकडे जाते, वारा सुटतो, आणि तेवढ्यात शाळेची घंटा झाली. दुसऱ्या दिवसापासून बाई रजेवर. बाकीच्या मुलांनी घरी जाऊन ते पुस्तक मागवलं. आमच्या पोरीने त्रिकोण वाचला.

तीन दिवस ती धड जेवली नाही. "मामा, बदकीण परत येते का रे?" एवढंच विचारायची.

शेवटी ताईने पुस्तक आणलं आणि मला सोफ्यावर बसवलं. चौदाव्या पानावर मी ओक्साबोक्शी रडलो. भावोजींनी लिहिलं, 'तीव्र दुष्परिणाम.' नियमाने तीन चाचण्या होतात. दुसऱ्या वेळी तर मी तेराव्या पानावरच सुरुवात केली. चाचणीतलं काही बाहेर बोलायचं नाही, असं भावोजींनी माझ्याकडून लिहून घेतलंय, त्यामुळे पोरीला सांगायचीही चोरी.

"उद्या तिसरी आहे ना?" भिंगरी म्हणाली. "मामा, प्लीज रडू नकोस. एकदाच."

तिसऱ्या वेळी मी दात आवळले. चौदाव्या पानावर डोळ्यांसमोर लिफ्टच्या वायरी आणल्या, लाल कुठे जाते, निळी कुठे जाते. एक टिपूस आला नाही. नाडी बहात्तर. मी छाती फुगवून भावोजींकडे बघितलं. त्यांनी लिहिलं, 'कोणताही परिणाम नाही. माल निकामी.'

"अहो, रडलो तर दुष्परिणाम, नाही रडलो तर निकामी! मग माणसाने करायचं तरी काय?"

"थोडंसं गहिवरायचं," भावोजी म्हणाले. "पाच ते दहा टक्के."

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! माझं डोकं असं भडकलं की मी बाल्कनीत जाऊन बसलो. पुस्तक कपाटात गेलं, किल्ली भावोजींच्या खिशात.

थोड्या वेळाने भिंगरी स्टूल ओढत आली आणि माझ्या समोर बसली.

"तुला सांगायचं नाहीये ना? नको सांगूस. तू मनातल्या मनात वाच. मी तुझं तोंड बघते."

पुस्तक मला पाठच झालं होतं. एकेक पान संपलं की मी गुडघ्यावर बोट आपटायचो आणि ती मोजायची. चौदाव्या पानावर वायरी आठवायचं मी मुद्दाम टाळलं. तिने सगळं बघितलं. तिचा खालचा ओठ थरथरला, डोळे भरले, पण नजर हलली नाही. "पुढचं पान," ती म्हणाली. एकोणिसाव्या पानावर मला थोडं हसू आलं.

"पिल्लं बरी आहेत," ती नाक ओढत म्हणाली.

तेवढ्यात भावोजी दारात आले. "काय चाललंय? ही का रडतेय?"

"बाबा, हळू बोल," भिंगरी म्हणाली. "बदकीण गेली."

"कोण बदकीण?"

दोन वर्षं या माणसाने माझी नाडी बघितली होती. दोनशे पंधरांपैकी एकाचंही पान वाचलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांचंच वाईट वाटलं.

भावोजी वही शोधायला वळले. भिंगरीने त्यांचं मनगट पकडलं आणि त्यांना स्टुलाशेजारी खाली फरशीवर बसवलं.

"मी पहिल्यापासून सांगते," ती म्हणाली. "मध्येच उठायचं नाही."