सुनेचं कौतुक, फुल आवाजात

यवतमाळच्या फोन-समुपदेशन केंद्रात मंजुषाला कामाला लागून जेमतेम आठवडा झाला होता. नीळकंठ सरांनी पढवलेला पहिला नियम तिला झोपेतही पाठ होता : आधी विचारायचं, तुम्ही एकट्या आहात ना? फोन स्पीकरवर नाही ना? पण घाटंजीकडच्या कांताबाईंनी विचारायला सवड दिली तर ना! 'हॅलो' म्हणायच्या आतच त्यांची गाडी सुटली.

"पोरी, माही सून निकिता दोन महिने झाले माह्यासंग बोलत नाही. बचत गटात साऱ्या बायांपुढं मी म्हनलं, इले काहीच येत नाही. उद्या माहेरी चालली, कळंबले. वापस नाही आली तं?"

"खरंच काही येत नाही तिला?"

"काहून नाही येत? माह्यापेक्षा जास्त येते! पन सुनेले तोंडावर चांगलं म्हनलं तं नजर लागते. आमच्याकडं म्हनतच नाही कोनी."

मंजुषाला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिच्या स्वतःच्या सासूबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, पण कौतुकाच्या बाबतीत अशाच कंजूष. "मग आधी माझ्यावर सराव करा," ती म्हणाली. "मीच निकिता. बोला."

पलीकडे घसा खाकरला. आणि मग बाईंनी काय सूर लावला!

"निकिता, माह्या डोयाचं आपरेशन झालं तवा तू महिनाभर थेंब टाकले, एक खेप चुकली नाही. माह्या पोटच्या पोरीनं केलं नसतं. मी गटात खोटं बोलली. मले तू पाहिजे, बाई."

कुठून तरी हुंदका ऐकू आला. पाठोपाठ पाच-सात बायकांचं खिदळणं. मंजुषाला आत्ता तो पहिला नियम आठवला.

"कांताबाई, तुम्ही आहात कुठे?"

"वावरात. कापूस येचून राह्यलो साऱ्याजनी. हात रिकामे नाहीत, म्हून फोन कमरेच्या ओटीत टाकला. मले कमी आयकू येते, तं स्पीकर लावला, फुल. निकिता तं पार लांब, बांधावर, धुऱ्याकडं होती... अवो माय! आली वाट्टे इकडं."

संपलं, आता सर हाकलणार, मंजुषाने मनाशी ठरवूनच टाकलं. तेवढ्यात रडून जड झालेला एक तरुण आवाज आला.

"आई, पुन्हा म्हना. गटातल्या उर्वशीकाकू त्या टोकाले हायेत. त्याईले आयकू नाही गेलं."

"उर्वशे!" कांताबाई अशा कडाडल्या की मंजुषाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिथूनही शब्द न् शब्द ऐकू येत होता. "माही सून लाखात एक हाये! आयकलं काय?"

वावरभर हसण्याचा कल्लोळ उठला. केबिनच्या दारात नीळकंठ सर येऊन उभे राहिले होते. मंजुषा डोळे पुसत होती आणि हसतही होती. तिने नुसतं हेडफोनकडे बोट दाखवलं.

"अन् आयक निकिता," टेबलावरून कांताबाईंचा आवाज आला, "उद्या मी बी येतो तुह्यासंग कळंबले. तुह्या मायपुढं बी म्हनतो."

"चाला मंग," निकिता म्हणाली. "सकायची सातची गाडी हाये."