हिंदुरावाचा बटण कांदा

"जोरात ढकला, दादा! त्या कोपऱ्यातली पात अजून उभी हाय!" म्या भिंतीवरनं वरडलो, आन हिंदुरावानं खरंच जोर लावला. रिकामा गॅस सिलेंडर कांद्याच्या वाफ्यावरनं गडगडत गेला.

रुक्मिणीवैनी पिठाच्या हातानंच भाईर आली. "अवो, सिलेंडरवाला दारात उभा हाय! तुमचं काय चाललंय ह्ये?"

"माना मोडतोय. पात आडवी पाडली की कांदा तयार. मोबाईलवर दावलंय."

"मोबाईलवर सिलेंडर हुता?"

"ड्रम हुता. आपल्याकडं ड्रम हाय का?"

हिंदुराव आमचा शेजारी. उभा जलम चाकणला कंपनीच्या डिस्पॅचमधी गेला. शेतावर आता गोडाऊनं उभी हायेत. उरलं बंगल्यामागचं परस, तेवढ्यात ह्यानं गोड लाल कांदा लावला. तो बी व्याह्यासाठी.

लेक दिव्या जुन्नरकडं दिलीय. सासरा सोपानराव मोठा कांदेवाला, साठवणीच्या बराखी भरून माल. लग्नात भर पंगतीत त्यानं इचारलं, "काय व्याही, जमीन इकली, आता कांदा बी किलोवर आणता व्हय?" समदा मांडव हसला. तवापासनं पोरीनं कांदा चिरायला घेतला की सासऱ्याचं तेच गाणं. शेवटी हिंदुरावानं फोनवर सांगितलं, "यात्रेला या. माझ्या परसातला कांदा खाऊ घालतो. डोळ्यातनं टिपूस आला तर मिशी उतरवीन."

रोप लावलं उशिरा, यात्रा आली तोंडावर. म्या एकदा म्हणलं, "दादा, कांदा अजून पोसायचाय."

"डिलिव्हरी डेट म्हंजी डिलिव्हरी डेट!"

मग म्या कशाला आडवू? असला तमाशा फुकटात कुठं बघायला मिळतोय?

मान मोडल्यावर कांदा वाढतोय व्हय? उपटला तर एकेक बोराएवढा. हिंदुराव वट्यावर मुंडी घालून बसला. बघून माझं बी हसू आटलं.

"बाजारातनं आणू का दोन किलो?" म्या इचारलं.

"नगं. लबाडी उघडी पडली तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल."

"मग ह्योच वाढू. वाढायला मी हाय."

यात्रेला मटणाची पंगत बसली. सोपानराव कडक इस्त्रीत, शेजारी माजी सरपंच. म्या ताटात पाच कांदं ठेवलं. सोपानरावानं एक उचलून उजेडात धरला.

"व्याही, ह्यो कांदा हाय का गोचीड?"

पंगत खिदळली. दिव्या भाकरीची पाटी घेऊन जागीच थिजली. सोपानरावानं कांदा ताटाकडंला ठेवला, मूठ वळली आन हाणली बुक्की. कांदा फुटतोय कशाला? निसटला, उडाला आन बदकन सरपंचाच्या रश्श्यात! सरपंचाचं धोतर लालेलाल.

"पाव्हणं," म्या गंभीर त्वांड केलं, "बटण कांद्याला बुक्की मारत न्हाईत. अख्खा तोंडात टाकायचा. हिंजवडीच्या सायबांना कांदा कापायला सवड कुठली? त्यांच्यासाठी मुद्दाम बारीक ठिवलाय."

सोपानरावानं माझ्याकडं बघितलं, कांद्याकडं बघितलं. टाकला तोंडात. करकर चावला.

"गोड हाय," त्यो पुटपुटला. मग दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. ताट साफ केलं आन हळूच इचारलं, "बी कुठलं?"

हिंदुराव माझ्याकडं बघाय लागला. म्या डोळा मारला. गडी ताठ झाला, मिशीवर पालथी मूठ फिरवली. "बियाचं काय घिऊन बसलात? मान कवा मोडायची त्यात समदी मेख हाय."

"आमच्या बराखीला दावायला पिशवीभर तरी द्या की."

"मामंजी," दिव्या पदरातनं म्हणाली, "ह्यो किलोवर बी मिळत न्हाई."

आता पंगत हसली ती सोपानरावाला. त्यो बी हसला, काय करतोय बापडा?

दुसऱ्या दिवशी म्या भाकरी फडक्यात बांधून थेट हिंदुरावाच्या वट्यावर. "दादा, टाका की दोन बटणं."

हिंदुरावानं टोपलं मागं सरकवलं. "बियाण्याचा माल हाय. हात लावायचा न्हाई."

"आरं दादा, बटण कांदा ह्ये नाव मीच काढलं की! कालच्याला!"

"गप ऱ्हा, बिऱ्या," त्यो म्हणाला. "शेतीतलं तुला काय कळतंय?"