एक मिलिमीटर

मामाच्या छापखान्यात ती चार वर्षं प्रुफं तपासत होती. मोठ्या आतड्याला सूज येण्याचा आजार तिला कॉलेजपासूनचा. गोळ्या चालू असल्या तरी मध्येच तो उफाळायचा आणि मग दिवसातून दहा-दहा वेळा संडासला पळावं लागायचं. मामाला हे सगळं ठाऊक होतं. ती हॉस्पिटलात होती तेव्हा डबा घेऊन तोच तर यायचा.

तरीही एका सोमवारी त्याने सगळ्या कामगारांना गोळा केलं, वही उघडली आणि तिच्या संडासाच्या वेळा वाचून दाखवल्या. नऊ दहा ते नऊ बावीस. दहा चाळीस ते दहा पंचावन्न. बाइंडिंगच्या बायकांनी माना खाली घातल्या, मशिनवरचे दोघे फिदीफिदी हसले.

"भाची म्हणून किती दिवस खपवून घ्यायचं?" मामा म्हणाला.

त्याच दुपारी तिने काम सोडलं. "तोंडाने फटकळ आहे गं, मनात काही नसतं त्याच्या," असं आई समजावत राहिली. पण तिने डूख धरला तो धरलाच.

आठ महिन्यांनी तिला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. बाहेरून छापून येणारी खोकी तपासायची आणि पास की नापास ते ठरवून सही करायची. पहिल्याच दिवशी तिने विभागप्रमुख बाईंना आजाराचं सांगून टाकलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग ते दाराजवळचं टेबल घ्या. जायचं तेव्हा जा. फक्त परत आल्यावर मोजणी पहिल्यापासून करा. अर्ध्यावरून नाही."

दुसऱ्या आठवड्यात दुखणं उफाळलंच. मंगळवारी एका म्हाताऱ्या छपाईवाल्याची खोकी आली. औषधाच्या तारखेची चौकट खोक्याच्या घडीपासून दोन मिलिमीटर आत हवी. ती एकच मिलिमीटर आत होती. 'पुढच्या वेळी काळजी घ्यावी' असा शेरा मारून तिने माल पास केला.

गुरुवारी मामाचा माल आला. गठ्ठ्यावरचा शिक्का पाहूनच तिच्या अंगात काहीतरी सळसळलं. पट्टी लावली, भिंग लावलं. चूक तीच, तेवढीच. पोटात कळा येत होत्या, तीनदा उठावं लागलं. तिन्ही वेळा परत येऊन तिने नव्याने मोजलं. मग 'नापास'चा शिक्का इतक्या जोरात हाणला की शाई मनगटावर उडाली.

दुसऱ्या दिवशी मामा नाक मुठीत धरून आला. निरोप मिळाला तेव्हा ती संडासात होती. तिने हात सावकाश धुतले आणि माल उतरवतात तिथे गेली.

"अगं, तू होय!" मामाचा चेहरा उजळला. "मला वाटलं, कोण नवा खडूस आलाय."

"चौकट दोन मिलिमीटर आत हवी. तुमची एक आहे."

ती त्याला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाली होती. मामा चपापला.

"एका मिलिमीटरसाठी सगळा माल परत छापू? घरच्या माणसाशी असं वागतात का?"

माल उतरवणारे हमाल हातातलं काम थांबवून बघायला लागले होते. तिने तपासणीचा कागद उचलला आणि खणखणीत आवाजात एकेका नमुन्याची चूक वाचायला घेतली. चाळीसच्या चाळीस नमुने. मामाचे कान लालबुंद झाले. अठराव्यालाच तो पाठ फिरवून निघून गेला. तिने उरलेले बावीसही वाचले.

संध्याकाळी बाईंनी बोलावलं. समोर दोन्ही कागद होते.

"मंगळवारचा माल असाच होता. तो पास कसा?"

तिने मनगटावरचा शाईचा डाग दुसऱ्या हाताने झाकला.

"दोन्ही पास करा, नाहीतर दोन्ही नापास. मी विचारणार नाही कोण तुमचा कोण लागतो."

मामाचा नापासचा कागद फाडला की काम भागत होतं. तिने म्हाताऱ्याचा पासचा फाडला.

माल परत येतोय म्हणून तिने म्हाताऱ्याला फोनवर सांगितलं. म्हातारा म्हणाला, "आमचंच चुकलं, बाई. देतो परत छापून." त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

घरी आईने बोलणं टाकलं. ताट समोर आदळायची आणि आत निघून जायची. पण मामाचं हिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

नऊ दिवसांनी दोघांचाही माल एकाच सकाळी येऊन पडला. म्हातारा स्वतः आला होता, बाकावर हात जोडल्यासारखा बसून होता. तिने त्याचा माल आधी घेतला, उभ्याउभ्याच मोजला.

"बरोबर आहे का आता?"

"बरोबर आहे, काका." त्याच्याकडे बघायचा धीर तिला झाला नाही.

मग तिने मामाच्या गठ्ठ्यातलं एक खोकं काढून पट्टी लावली. बरोबर दोन मिलिमीटर. खोकं तिने परत गठ्ठ्यात खोचलं. तपासणीला नियमाने तीन दिवस मिळत होते. तिने तिन्ही घेतले.