ऑल्डरिजांच्या विहिरीचा रिपोर्ट

सोमवारी दुपारी पाऊण वाजता अंकुशने माझ्यासमोर एक कागद ठेवला आणि विचारलं, "मॅडम, ह्या लॅबनं नायट्रेटची मर्यादा अकरा पॉइंट तीन काहून लिहिली? आपण तं पन्नास लिहितो."

पोळ्यासाठी तो तीन दिवस गावाला गेला होता आणि साचलेली पानं उरकत बसला होता. त्याने सहज विचारलं होतं. कागद दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाच्या शेतातल्या बोअरचा होता. त्याच्या खाली बारीक अक्षरात एक तळटीप होती. मी ती दोनदा वाचली आणि ऑल्डरिजांची फाइल उघडली.

मिहान या उद्योगवसाहतीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही बावीस जण आहोत. फ्रान्सच्या खेड्यांत राहायला गेलेल्या इंग्रज लोकांची कागदपत्रं आम्ही त्यांच्या भाषेत आणून देतो. घराचा करारनामा, सेप्टिक टँकची तपासणी, छपराच्या लाकडाला लागलेल्या किडीचा अहवाल, शेजाऱ्याचं बांधावरच्या झाडाबद्दलचं पत्र. गिऱ्हाईक बहुतेक निवृत्त माणसं असतात. त्यांचं फ्रेंच पाव आणि भाजी आणण्यापुरतं चालतं, वकिलापुढे चालत नाही. मुख्य ऑफिस लंडनला आहे. कामाचा नियम एकच, आणि तो पहिल्याच दिवशी सांगतात: आपण भाषांतर करतो, सल्ला देत नाही.

इथे येण्याआधी मी नऊ वर्षं धंतोलीतल्या एका खाजगी लॅबमध्ये पाणी तपासत होते. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांतल्या विहिरींचं पाणी यायचं, खताचा नायट्रेट त्यात किती उतरला ते आम्ही काढायचो. त्यामुळे या ऑफिसात आकड्यांचं पान आलं की ते माझ्याकडे येतं. मी तपासते, खाली एका ओळीत सारांश लिहिते, आणि त्याखाली माझं नाव असतं: दीपमाला.

ऑल्डरिजांच्या फाइलमध्ये मी लिहिलं होतं, नायट्रेट मर्यादेच्या आत.

जेनिस आणि कीथ ऑल्डरिज सहा वर्षांपासून तिकडे भाड्याच्या घरात राहतात. आता सात किलोमीटरवरच्या एका वस्तीत ते स्वतःचं घर घेत होते, कारण त्यांची मुलगी तिच्या तीन आठवड्यांच्या बाळाला घेऊन ऑक्टोबरमध्ये कायमची त्यांच्याकडे राहायला येणार होती. बाळ बाटलीच्या दुधावर होतं. हे मला माहीत होतं, कारण जेनिसने फोनवर ते दोनदा सांगितलं होतं, आणि बाळाच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं तेही. त्या वस्तीपर्यंत नळ आलेला नाही. घराला पाणी विहिरीचं. म्हणून त्यांनी स्वतःहून ते तपासून घेतलं होतं, शेजारच्या शेतकऱ्याच्या ओळखीच्या लॅबमध्ये, जिथे एरवी शेतीचे नमुने जातात. अंकुशने आणलेला कागदही त्याच लॅबचा होता.

शेतीच्या लॅबला नायट्रेटमधल्या नायट्रोजनशी काम असतं. तिथे आकडा तेवढ्या नायट्रोजनचाच देतात. पूर्ण नायट्रेट काढायचा तर त्याला ४.४३ ने गुणावं लागतं; अकरा पॉइंट तीन गुणले की पन्नास, तळटीप तेच सांगत होती. ऑल्डरिजांच्या मूळ कागदावरही आकडा नायट्रोजनचा असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या धंतोलीच्या लॅबमध्ये आकडा कायम पूर्ण नायट्रेटचा असायचा. मी २१ वाचलं, तिकडची मर्यादा ५० आठवली आणि पुढच्या पानावर गेले.

२१ गुणिले ४.४३ म्हणजे ९३.

मी कॅल्क्युलेटरवर ते पुन्हा केलं. मग करारनाम्याचं पान काढलं. तिकडे घर घेणाऱ्याला करारावर सही केल्यानंतर दहा दिवस मिळतात. त्या दहा दिवसांत कारण न देता माघार घेता येते, फक्त तसं पत्र रजिस्टर एडीने टाकावं लागतं. दिवस मोजायचे ते कराराची प्रत पहिल्यांदा दारात आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. प्रत आली होती चौदा तारखेला, गुरुवारी. दहावा दिवस रविवारी पडत होता, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा आला की मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते.

म्हणजे आज. त्यांच्या गावाचं पोस्ट ग्रामपंचायतीच्या इमारतीतल्या एका खिडकीत आहे. सोमवारी ती बारा वाजता बंद होते. तिकडचे बारा म्हणजे आपले साडेतीन.

सौरव आमचा टीम लीड. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे, पण कामात थंड डोक्याचा. मी त्याच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले आणि सगळं क्रमाने सांगितलं. त्याने आधी लंडनला फोन लावला. मग त्याच्या लक्षात आलं की आज लंडनला बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी आहे, कोणी उचलणार नाही. त्याने विचारलं, मेल टाकला का. मी म्हटलं टाकला, दुरुस्त पानासकट. पण जेनिस मेल रात्री जेवण झाल्यावर बघते, तिनेच एकदा सांगितलं होतं.

तो पेन टेबलावर आडवं-उभं करत राहिला.

"फोन करा," तो म्हणाला. "रेकॉर्डेड लाइनवरूनच करा. चूक झाली ते सांगा, आकडा सांगा, मुदत सांगा. घर घ्या किंवा घेऊ नका, ते तुमच्या तोंडून आलं तर मी तुम्हाले वाचवू शकणार नाही, मॅडम. आणि मलेही कोणी वाचवणार नाही."

एक वाजून पाच मिनिटांनी मी पहिला फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्यांच्याकडे मोबाइलला रेंज नाही, घरातला फोन एवढाच मार्ग. एक वीसला पुन्हा लावला. एक चाळीसला पुन्हा. मधल्या वेळात मी अंकुशला सांगितलं की या लॅबचे आपल्याकडे आलेले सगळे जुने रिपोर्ट काढ. त्याने काहून म्हणून विचारलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून कामाला लागला.

सहा निघाले. सहाही माझ्या नावाचे. एकेक आकडा मी गुणत गेले. पाच मर्यादेच्या बरेच आत होते, एक अगदी काठावर, एकोणपन्नासवर. त्या एकावर मी खूण केली.

दोन वाजून दहा मिनिटांनी कीथने फोन उचलला. तिकडे अकराला वीस मिनिटं कमी होती. तो बागेत होता, धापा टाकत होता. जेनिस बाजाराच्या गावाला गेली होती, साडेअकरापर्यंत येईल म्हणाला. मी त्याला म्हटलं की मला तुमच्याशीच बोलायचं आहे, आणि चूक माझी आहे हे आधी सांगितलं, मग आकडा आणि बाराची मुदत.

तो चिडला नाही. त्याने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग हसला. विकणारी बाई ब्याऐंशी वर्षांची आहे, म्हणाला, जन्मापासून त्याच विहिरीचं पिते आहे, अजून सरपण स्वतः फोडते. मी त्याला सांगितलं की मोठ्या माणसाचं शरीर एवढा नायट्रेट बहुतेक वेळा सहन करतं. काही महिन्यांच्या बाळाचं रक्त तो सहन करत नाही, त्यातला प्राणवायू वाहून नेण्याचं काम बिघडतं.

"मग उकळून देऊ," तो म्हणाला.

उकळल्याने जंतू मरतात, मी सांगितलं. नायट्रेट तसाच राहतो, पाणी आटलं की उलट दाट होतो. मग त्याने विकतच्या बाटल्यांचं विचारलं. मी खरं तेच सांगितलं: हो, ते चालेल. स्वयंपाकघरात चांगला फिल्टर बसवला तर तेही चालेल, फक्त तो सांभाळावा लागतो आणि पाणी अधूनमधून तपासावं लागतं.

आता त्याचा आवाज बदलला. पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच लिहून दिलं की पाणी बरोबर आहे, तो म्हणाला. त्या कागदाच्या भरवशावर मी करारावर सही केली. आज तुम्ही म्हणता नाही. उद्या तिसरंच काही म्हणाल. चार हजार मैलांवर बसलेल्या बाईचं मी काहून ऐकू, असाच त्याचा सूर होता, शब्द सभ्य होते एवढंच.

"माझं ऐकू नका," मी म्हटलं. "लॅबचा मूळ कागद घ्या. वरून सातवी ओळ. आकडा काय आहे?"

कागद शोधायला त्याला चार मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते. सौरव दुसरा हेडफोन लावून माझ्या मागे येऊन उभा राहिला होता.

"एकवीस."

"त्याच्या शेजारी नायट्रोजन म्हणून लिहिलंय?"

लिहिलं होतं. त्याने ते अडखळत वाचलं. मी त्याला ४.४३ आकडा दिला आणि सांगितलं की हा कुठल्याही पुस्तकात मिळेल, तुमच्या लॅबला फोन केलात तर तेही हाच सांगतील. तो पेन्सिलने गुणाकार करत होता, पुटपुटणं ऐकू येत होतं. मग पुटपुटणं थांबलं.

तो म्हणाला की त्याने बाळाच्या खोलीसाठी लाकूड आणून ठेवलं आहे. शेल्फ करायला. 

"बाटल्या आणता येतात, फिल्टर बसवता येतो," तो म्हणाला. "मग मी घर का सोडू?"

"तो निर्णय तुमचा आहे. तो तुम्ही एकवीसवर घेतला होता, आता त्र्याण्णववर घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि बाराच्या आत घ्यावा लागेल."

"तुम्ही असता तर हे घर घेतलं असतं?"

सौरव हलला नाही. लाइनवर रेकॉर्डिंगची बारीक टिकटिक असते, एरवी ती ऐकू येत नाही.

"घराचं मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "त्या विहिरीचं पाणी मी बाळाच्या बाटलीत घातलं नसतं."

त्याने फोन ठेवला. दोन पस्तीस झाले होते. तिकडे अकरा वाजून पाच.

माघारीच्या पत्राचा नमुना फाइलच्या शेवटच्या पानावर असतो, सगळ्यांच्याच फाइलमध्ये. ते पान त्याला सांगायचं राहून गेलं. मी पुन्हा फोन लावला, एंगेज लागला. तीन वाजता लावला, एंगेज. कोणाशी बोलत असेल, याचा मी विचार करत राहिले. लॅबशी, मुलीशी, विकणाऱ्या म्हातारीशी. की रागाने रिसीव्हर बाजूला काढून ठेवला असेल. तीन दहाला घंटी वाजली, पण कोणी उचललं नाही.

सौरवने चहा मागवला. चहा साय धरून कपातच पडून राहिला. अंकुश खुर्ची सरकवून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही नसतं सांगितलं तं कोणाले कळलं असतं?" त्याला सुचवायचं काही नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, कोणालाच नाही. तो परत जागेवर गेला.

साडेतीन वाजले. मी झालेल्या चुकीबद्दलचा अहवाल लिहायला घेतला होता, लंडनला पाठवायचा. तारीख, फाइल नंबर, काय वाचलं, काय वाचायला हवं होतं, जुने सहा रिपोर्ट. सौरवने त्यात एक वाक्य घालायला सांगितलं की यापुढे आकड्यांचं पान दोन माणसं तपासतील, एकट्या माझ्या नावावर जाणार नाही. मी ते घातलं. ते बरोबरच होतं. लिहिताना मात्र कान गरम झाले.

तीन एकोणपन्नासला फोन वाजला. कीथ होता.

त्याने लॅबला फोन केला होता. मग मुलीला. फोनवर मागून बाळाचं रडणं येत होतं, म्हणाला. तेवढ्यात जेनिस आली. पिशव्या खाली न ठेवताच तिने सगळं ऐकलं, फाइलचं शेवटचं पान काढलं आणि पत्र हाताने उतरवून घेतलं. पोस्टाच्या खिडकीवर पोचले तेव्हा तिथली बाई शटरला हात घालत होती. पावतीवर अकरा अठ्ठावन्न आहेत. त्याने ते दोनदा सांगितलं, अकरा अठ्ठावन्न.

जेनिस गाडीतून उतरलीच नाही अजून, तो म्हणाला. दारात बसली आहे गाडी लावून.

मी म्हटलं की मला वाईट वाटतं.  त्याने आभार मानले नाहीत. लाइन चालू होती.

मग तो म्हणाला, "आम्ही आत्ता राहतो ना, तिथेही विहीरच आहे. सहा वर्षांत कधी तपासली नाही."

ऑक्टोबरला पाच आठवडे होते आणि बाळ आता त्याच भाड्याच्या घरात येणार होतं. मी मान वळवून सौरवकडे बघितलं. त्याने हेडफोनवर ऐकलं होतं. त्याने छताकडे बघितलं, मग हाताने 'बोला' अशी खूण केली.

मी कीथला कागद-पेन्सिल घ्यायला सांगितलं. पंप सुरू करून पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं. बाटली लॅबकडूनच आणायची, घरातली नाही. काठोकाठ भरायची, आत हवा ठेवायची नाही. फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी पोचवायची. आणि आकडा पूर्ण नायट्रेट म्हणून हवा, असं फॉर्मवर लिहून घ्यायचं.

त्याने सगळं लिहून घेतलं. मी म्हटलं, आता मला वाचून दाखवा. त्याने वाचलं. फ्रीजचं राहिलं होतं. मी त्याला ते लिहायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं.